कवळतोडीचा डोंगर

आमच्या डोंगराला कोयता लागतो, हे मी कोणापासून लपवत नाही. देवरूखच्या शाळेतली नोकरी संपल्यापासून घरचं भात मीच बघते आणि भाताला कवळतोड लागते. झाडांच्या पानाळ फांद्या उतरवायच्या, शेतात पसरून वाळवायच्या, जाळायच्या आणि त्या राखेत रोप काढायचं. शहाणी माणसं याला जंगलाचा नाश म्हणतात. म्हणोत बापडी.

गेल्या माघात पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेचा तरुण आला. आमच्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. ही बाई अंडी घालायला ढोलीत शिरते, दार आतून लिंपून घेते आणि नवरा महिनोन्‌महिने फटीतून फळं भरवत राहतो. आमच्या घराण्यात एवढं लाडाचं बाळंतपण कुणाचं झालेलं नाही. तरुणाने करारनामाच आणला होता. डोंगराला यापुढे कोयता लावायचा नाही, संस्था ‘संरक्षित’ अशी पाटी लावणार. बोलायला गोड होता. पण ‘तुमच्या लोकांना समजावावं लागेल’ म्हणाला आणि माझं डोकं फिरलं.

त्याला तसाच डोंगरावर नेला. आमची कवळतोड करणारे गडी, ज्यांना सगळी वाडी भावोजी म्हणते, सत्तरीचे आहेत, अजून झाडावर चढतात. ते पार पलीकडच्या टोकाला होते. पक्ष्याला त्रास होतो हे माहीत आहे का, असं तरुणाने त्यांना विचारलं. भावोजी सावकाश खाली उतरले.

“दादानू, बेहड्याकडची तोड आमी पौषातच उरकतो. ती आत बसली काय त्या अंगाला कोण फिरकत नाय. आणि शेंडा कुठच्याच झाडाचा तोडत नाय.”

हे त्याच्या कागदात कुठेच नव्हतं. मी त्याला समोरचा डोंगर दाखवला. त्या घरानं भात सोडलं, मग कवळतोड थांबली, मग डोंगराकडे बघणारंच कोणी उरलं नाही. ठेकेदाराने उभी झाडं घेतली आणि आठ दिवसांत सगळा बोडका केला. आमच्या डोंगरावर दिरांचाही हक्क आहे. ते मुंबईला असतात आणि त्याच ठेकेदाराशी बोलणं करून बसलेत. वहिनींचं भात थांबलं की देऊन टाकू, असं त्यांनी सांगून ठेवलंय. मला याची भीती वाटते आणि रागही येतो.

मग वरिष्ठांना काय सांगू, तरुणाने विचारलं.

“सांगा, बाई कोयता खाली ठेवत नाहीत. ठेवला तर तुमचा पक्षी कुठे बसेल, तेही सांगा.”

करारनामा त्याने घडी करून पिशवीत टाकला, चहा मात्र घेऊन गेला.

यंदा माझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारलाय. डॉक्टरांनी चिखलात उतरायला बंदी केली. ऐन लावणीत दिरांचा फोन आला, तेव्हा मी बांधावर बसून होते आणि बायका खाली वाकून रोपं लावत होत्या. गुडघ्यांची बातमी त्यांना कुठूनतरी लागलेली दिसली. वहिनी, यंदा भात करताय का, त्यांनी फार मायेनं विचारलं.

करतेय, म्हटलं. फोन बांधावर ठेवला, साडी खोचली आणि चिखलात उतरले.