कळंबचा चोथा आणि अडलेलं कडवं

शाळेत माझ्या रसग्रहणाला पैकीच्या पैकी गुण असत. शेजारी बसणाऱ्या मारुतीच्या वहीत मात्र मास्तरांनी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘रस नाही, नुसता चोथा.’ गेल्या महिन्यात त्याच मारुतीचा कळंबहून फोन आला. “ये की बघायला. आता चोथाच विकतुय मी.” एवढ्यावर मी पिशवी भरली.

धाराशिवहून पहाटेची एसटी येडशी, येरमाळा करत जाते. पंचाहत्तरी उलटली असेल तर तिकीट नाही, पण आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा. माझं सापडेपर्यंत येडशी आली होती. येरमाळ्याचा चहा दहा रुपये, ओठ चिकटतील इतका गोड.

मारुतीच्या घरामागं पत्र्याची शेड. तिथं फुटक्या, काळ्या पडलेल्या धन्यांची पोती. आडतीवर कुणी हात न लावलेली. हे धने भरडायचे, उकळायचे, फडक्यातून गाळायचे. वासाचं पाणी ओतून द्यायचं आणि चोथा वाळवून दळायचा. तेच फायबर. पावाच्या पिठात मिसळलं की पोट साफ. म्हणजे रस गटारात आणि मान चोथ्याला. मास्तर असते तर खुर्ची धरून बसले असते.

अडचण एकच. गावातल्या बेकरीवाल्या चाचांनी हे पीठ दोनदा परत केलं होतं. पाव खाताना आमटी आठवते म्हणे. त्याच संध्याकाळी ते शेवटचं बघणार होते. नाही पटलं तर सगळी पोती म्हशींपुढं.

हा सगळा पसारा मारुतीची सून सुरेखा सांभाळते. उकळत्या पातेल्याजवळ तिनं माझ्या हाती लाकडी दांडा दिला.

“काका, चार मिनटं ढवळा. मोबाइलवर गजर लावून देऊ का?”

“गजर कशाला? सहावीतली नदीची कविता बरोब्बर चार मिनिटांची आहे.”

तिसऱ्या कडव्याशी नदी अडली. आठवेना. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथंच. चष्म्यावर वाफ, समोर सहावीचा वर्ग, खिडकीतलं लिंबाचं झाड.

“आरं, समुद्राला मिळाली का न्हाय तुझी नदी?” मारुतीनं बाहेरून विचारलं.

“मिळतेय.”

सुरेखा आली तेव्हा पाणी निम्मं आटलं होतं. तिनं कपाळाला हात लावला. “काका, अर्धा तास झाला की.”

“नास केलास बघ,” मारुती म्हणाला. दुसरा घाणा करायला वेळ नव्हता. तोच चोथा आम्ही पत्र्यावर वाळत घातला. दुपारी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. मी ती चोथा उलथतपालथत उभ्यानंच खाल्ली.

संध्याकाळी चाचा आले. पीठ गरम पाण्यात कालवून त्यांनी हुंगलं, चाखलं, पुन्हा हुंगलं.

“वास पार गेला की. काय टाकलं यात?”

“कविता,” मारुती म्हणाला.

“किती टाकायची?” चाचांनी गंभीरपणे विचारलं.

सगळा माल त्यांनी ठरवून टाकला. सुरेखानं भिंतीवर खडूनं लिहिलं, ‘काकांची कविता, अडेल तिथपर्यंत, दहा वेळा.’

परतताना येडशीच्या थांब्यावर ते कडवं आपसूक आठवलं, सबंध. मी मोठ्यानंच म्हटलं. कंडक्टर म्हणाला, “बाबा, उतरायचंय का?”

मारुतीनं दिलेलं पीठ आता आमच्या कणकेत असतं. पूर्वी सकाळचा अख्खा पेपर आत बसून वाचून व्हायचा. हल्ली पहिलं पानही पुरं होत नाही.

काल त्याचा फोन आला. “ते कडवं आठवलं का रं? सुरेखा लई काळजीत हाय, माप बिघडंल म्हणती.”

“न्हाय बाबा,” मी म्हणालो.

मी आल्यापासून रोज तेच कडवं ऐकून कंटाळलेली बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तोंडावर बोट ठेवलं.