पहिली सुई

माझं चष्म्याचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात एक बाई कपडे दुरुस्त करून देतात: चेन बदलणं, कंबर आत घेणं, बाह्या आखूड करणं. बावीस वर्षांचा शेजार. त्यांची मुलगी माझ्या डोळ्यांसमोर मोठी झाली. काटकुळी, नजर तीक्ष्ण, आणि बोलली की टोचेल असंच बोलणार. आई तिला सुई म्हणायची, म्हणून आम्हीही सुईच म्हणू लागलो. पुढे हे नाव लाखो लोकांच्या तोंडी गेलं. ते एका शिवणाऱ्या बाईच्या गाळ्यातून आलंय हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

सतराव्या वर्षी तिला कॉम्प्युटरवरच्या खेळाचं वेड लागलं. पाच जण एका बाजूला, पाच जण दुसऱ्या बाजूला, हातात बंदुका, आणि एकेकाला टिपायचं. हिचा नेम असा की समोरच्याला आपण कधी मेलो तेच कळायचं नाही. पण हेडफोनमधून मुलीचा आवाज ऐकू आला की शिव्या सुरू व्हायच्या. मुलगी आहे म्हणून एक शिवी, तिच्याकडून हरलो म्हणून वर चार. तिने खेळताना बोलणंच सोडून दिलं.

पहिली मोठी स्पर्धा आली तेव्हा पंचाईत झाली. तिथे स्टेजवर बसून खेळायचं, चेहरा मोठ्या पडद्यावर दिसणार.

"आई, तोंड झाकायला काहीतरी शिवून दे," ती म्हणाली.

आईने कोटाचं उरलेलं राखाडी अस्तर घेतलं. कापड कमी पडलं म्हणून दोन तुकडे मधोमध जोडले, आणि राखाडी दोरा संपलेला असल्यामुळे काळ्या दोऱ्याने, कपाळापासून हनुवटीपर्यंत तिरके मोठे टाके घातले. घाईचं काम होतं. सुई तो मुखवटा घालून खेळली, जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी जो तो मोबाइलवर तेच टाके घातलेलं तोंड बघत होता.

आठवड्याभरात तिच्याकडे एक मॅनेजर आला. टीम चालवणाऱ्या एका कंपनीचा होता. त्याआधी साबण विकायचा.

"साबण झिजतो, नाव झिजत नाही," माझ्याच दुकानात बसून तो तिला सांगत होता. "खेळाडूचा हात चार-पाच वर्षं चालतो. त्यानंतर लोक त्याला विसरतात. मला पन्नास वर्षं टिकेल असं नाव उभं करायचंय."

मला वाटलं, पोरगी त्याला उडवून लावेल. पण तिला ते इतकं पटलं की त्याच्यापेक्षा तीच पेटली. दुपारी आईची मशीन खडखडायची, म्हणून ती माझ्याकडे येऊन वहीत नियम लिहीत बसायची. स्टेजवर एक शब्द बोलायचा नाही. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसायचं. जिंकलं तर हात वर करायचा नाही, मान एकदाच डावीकडे कलती करायची. तोंड कधीही, कुणालाही दाखवायचं नाही.

मी वाचून म्हटलं, "अगं, मग यात तू कुठे आहेस?"

"मी नसायलाच हवी, काका. सुई म्हणजे कुणी एक बाई नाहीच. तीच तर गंमत आहे."

कराराची अक्षरं मुंगीएवढी होती, म्हणून तिच्या आईने तो माझ्याकडे आणला. निदान भिंग तरी बरं आहे ना माझ्याकडे! नाव, मुखवटा, चालायची-बसायची लकब, सगळं कंपनीच्या मालकीचं होणार असं त्यात होतं. मी ते दोघींना मोठ्याने वाचून दाखवलं. सुई म्हणाली, "माझं कुठे घेतायत? सुईचं घेतायत." आणि तिने सही केली.

तीन वर्षं तिने राज्य केलं. टोप्या निघाल्या, दप्तरं निघाली, सगळ्यांवर तेच काळे टाके. एकदा एक गिऱ्हाईक तसलं दप्तर घेऊन आईकडे चेन बसवायला आलं. बाईंनी चेन बसवून दिली. नंतर मला म्हणाल्या, "माझे टाके इतके वाकडे कुठले हो असायला? यांनी मुद्दाम आणखी वाकडे केलेत."

चौथ्या वर्षी तिच्या हातून चहाचा कप निसटला. तिने हसण्यावारी नेलं. मग पेन निसटू लागलं, बोटांना मुंग्या यायला लागल्या. रोज दहा-बारा तास माउस धरून धरून मनगटातली नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करा आणि सहा महिने हाताला विश्रांती द्या. अंतिम सामना दोन महिन्यांवर आला होता.

"सुई आजारी पडू शकत नाही," मॅनेजर म्हणाला. "तूच लिहिलंयस."

टीममध्ये एक एकोणीस वर्षांची बदली खेळाडू होती. अंगकाठी हिच्यासारखीच, स्वभावाने गरीब. फक्त एका सामन्यापुरतं तिने मुखवटा घालायचा असं ठरलं. तिला तयार केलं सुईनेच, आईच्या गाळ्यात, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसवून, तीन आठवडे. "पाठ टेकू नकोस. पटकन वळू नकोस, सुई अशी वळत नाही." बदलीचा चेहरा जरा गोल होता, म्हणून आईने नव्याने माप घेतलं.

"लोकांना कळेल हो," बाई म्हणाल्या. "माझ्या लेकीला मी पाठमोरीसुद्धा ओळखते."

अंतिम सामना आम्ही तिघांनी माझ्या दुकानात पाहिला. नुकतीच शस्त्रक्रिया झालेला सुईचा हात गळ्यात अडकवलेला होता. बदली जिंकली. मान डावीकडे कलती झाली आणि हॉल नुसता दणाणला. सुई म्हणाली, "जरा जास्तच कलली," आणि हसली. मग फोनवर लोकांनी लिहिलेलं वाचू लागली. माझ्याही नजरेला पडलं. कुणीतरी लिहिलं होतं: सुई आज नेहमीपेक्षा भारी खेळली. त्याखाली हजारो लोकांची सहमती. ती फोन काउंटरवर ठेवून उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. आई तिच्या शेजारी जाऊन बसली.

हात पूर्ण बरा झालाच नाही. सहा महिन्यांनी मॅनेजर आला, अगदी गोड बोलत. "आता तू कशाला त्रास घेतेस? आमच्याकडे राहा, पुढच्या मुली तयार कर."

"पुढच्या?"

"दर दोन वर्षांनी एक लागणारच की."

"सुई मी आहे," ती म्हणाली.

"सुई म्हणजे कुणी एक बाई नाही," तो म्हणाला. तो ओरडला नाही, चिडला नाही. वहीतलं वाक्य वाचावं तसं बोलला आणि गेला.

मग तिने उघड्या तोंडाने व्हिडिओ केला. आईला शेजारी बसवलं, सगळी हकीकत सांगितली. लोकांनी टर उडवली. मीच सुई म्हणणाऱ्या अकरा जणी आधीच होऊन गेल्या होत्या, ही बारावी. एकाने लिहिलं, हिला तर सुईसारखं बसताही येत नाही. खरंच येत नव्हतं. दुखऱ्या हातामुळे ती एका बाजूला कलून बसली होती. चौथ्या दिवशी कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं आणि आईच्या सांगण्यावरून तिने व्हिडिओ काढून टाकला.

"मी ते नाव घरात हाक मारायला ठेवलं होतं," बाई मला म्हणाल्या. त्यानंतर त्या तिला दाखल्यावरच्या नावाने हाक मारायला लागल्या. पहिले काही दिवस ती ओ द्यायचीच नाही. आपल्याला बोलावताहेत हे तिच्या लक्षातच यायचं नाही.

मी तिला दुकानात घेतलं. ती गिऱ्हाइकांचे डोळे तपासायला शिकली. एवढं काम त्या हाताला झेपतं.

वर्षभराने भर दुपारी एक मुलगी दुकानात शिरली, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. ती बदली होती. तिने उजवा हात काउंटरवर ठेवला.

"ताई, बोटं बधिर होतात. रात्री दुखून जाग येते."

हिने तिचं मनगट हातात घेऊन दोन ठिकाणी दाबलं. पोरगी कळवळली.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं."

"आणि आज येतेस? उद्यापासून खेळायचं नाही."

"पुढच्या महिन्यात फायनल आहे, ताई. मी नाही म्हटलं तर तिसरी तयार आहे. मीच शिकवतेय तिला."

हिने चिठ्ठीवर डॉक्टरांचा नाव-पत्ता लिहून तिच्या हातात दिला, आणि ती उठून जायला लागल्यावर तिची बाही धरून म्हणाली, "मी येते तुझ्यासोबत."

शस्त्रक्रिया फायनलच्याच दिवशी झाली. करारामुळे त्या मुलीने आपणच सुई आहोत हे घरीसुद्धा सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे इस्पितळात तिचं म्हणून कुणीच नव्हतं. ही बाहेरच्या बाकावर बसून होती. दीड तासाने डॉक्टर आले आणि म्हणाले, फार उशीर केलात, अंगठ्याजवळचा स्नायू सुकलाय, तीन बोटांतली संवेदना परत येईल असं वाटत नाही. हिला तिची बहीण समजून त्यांनी सगळं हिलाच सांगितलं आणि ते दुसऱ्या पेशंटकडे गेले.

थोड्या वेळाने हाताला पट्टी बांधून मुलगी बाहेर आली. तिला ते सांगायचं काम हिच्या वाट्याला आलं. कसं सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ही दहा वाजता दुकानात आली, एका म्हाताऱ्या गृहस्थांना खुर्चीवर बसवलं, आणि त्यांना तक्त्यावरची खालची ओळ वाचायला सांगितली.