जित्या पोराच्या नावाची आंघोळ

दिवा गावाजवळच्या खाडीकाठच्या आमच्या मिठागराच्या गावाला देवानं सगळं दिलं, तोंडाला झाकण तेवढं द्यायचं राहिलं. कल्याणला आगगाडी येऊन पंचवीस-तीस वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. सखूबाईचा गणू कुस्तीत नाव काढून घाटावरच्या एका संस्थानिकाच्या तालमीत गेला आणि गावाच्या छातीत वारं शिरलं. परका माणूस दिसला की न विचारता बोट वर व्हायचं, "ता बग पैलवानाचा घर!"

शिवरात्रीच्या मोठ्या कुस्तीआधी असेच दोघे आले. शेजारच्या रखमाबाईनं त्यांना मिरवत ओटीवर नेऊन बसवलं, गूळपाणी दिलं आणि गेली. त्यांनी गणूच्या रांगत्या पोराला मांडीवर घेतलं, नाव विचारलं, मग एकजण हळूच म्हणाला, "म्हातारे, मागल्या साली तुझ्या पोरानं आमच्या मालकाचा पैलवान चीत केला. यंदा त्याची पाठ मातीला लागू दे. तसा निरोप धाड. खाडी खोल आहे, नातू लहान आहे."

सखूबाईची सून रतन दाराआडून सगळं ऐकत होती. निरोप धाडला तर गणू पोरासाठी पडणार, हे दोघींनाही ठाऊक होतं, आणि जाणूनबुजून पडलेला पैलवान पुन्हा आखाड्यात तोंड दाखवत नाही. म्हातारी पाटलाकडे गेली. तो खो खो हसला. "पैलवानाचे घराला हात लावंल कोन?" म्हणाला, आणि तीच फुशारकी चावडीवर मारली. दिवेलागणीपर्यंत ती बातमी खाडीपलीकडे पोचली. असल्या गावाला गुपित सांगण्यापेक्षा दवंडी पिटलेली बरी!

शेवटी सखूबाईनं गावाच्या तोंडालाच कामाला लावलं. भर सकाळी, बायका पाण्यावर असताना, ती नेसत्या लुगड्यानिशी खाडीत उतरली. "गनू मना मेला! त्यानं तिकरं दुसरी बाय ठेवली. बायकोपोर इसरला. त्याचे नावानं अंगोल केली मी!" डोळ्यांतलं पाणी मात्र खरं होतं. जित्या लेकाच्या नावानं डोकं बुडवताना तिचा जीव तुटत होता.

सासूशी ठरल्याप्रमाणे रतन पोराला घेऊन खडवलीला माहेरी गेली. महिनाभरानं ते दोघे पुन्हा आले, तेव्हा रखमाबाईच काठी घेऊन धावली, "त्या मेल्याचा इथं कोनी नाय!" ज्याला बायकोपोराची फिकीर नाही त्याला धाक कशाचा घालणार? रिकामं घर बघून ते निघून गेले.

गणू जिंकला. चांगला फेटा बांधून, पोरासाठी चांदीचे वाळे घेऊन गावी आला. वेशीवर ना ढोल, ना माणूस. आई मिठागरात भेटली, पण त्याच्यासोबत पाचसहा अनोळखी माणसं होती. त्यांतला कोण कुणाचा, देव जाणे. आणि जिंकल्यावर तर सूड यायचाच.

"आये, मी कं केला?"

"माजा गनू मेला," ती म्हणाली आणि मीठ ओढू लागली. रतन खडवलीत त्याला सगळं सांगेल, एवढ्याच भरवशावर तिनं मान वर केली नाही. गणू वाळे मुठीत धरून गावाकडे वळला.

थोड्या वेळानं रखमाबाई फुशारत आली. "बरा केलंस. मी बी सोरला नाय त्याला. बायको इचारीत होता. म्हनलं, तिनं दुसऱ्याशी पाट लावलान, पोराला बी तोच पोसतंय. वाळे माजे पायाशी टाकलान न् होरीत बसला. परत नाय येवाचा आता."

"पाट? तुला कोनी सांगितला?"

"आख्खा गाव सांगतंय!"

सखूबाईच्या हातातलं फावडं गळलं. बांधावरून ती धक्क्याकडे धावत सुटली. होडी वळणापाशी पोचली होती. "गनू! माज्या वासरा! खोटा हाय रं, समदा खोटा!" ती ओरडत राहिली. वारा खाडीकडून गावाकडे वाहत होता. होडीतलं कुणी वळलं नाही. गावानं मात्र शब्दन्‌शब्द ऐकला.