हुडकेश्वरचा समुद्र

नागपुरात, समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राच्या वाळूपायी संसार पणाला लावणारा माणूस अख्ख्या भारतात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू आहे. बायको निदान पाहून करता येते, साडू मात्र न पाहताच पदरात पडतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे शोभाताईंचे, हे यजमान पाटबंधारे खात्यात कारकून होते. नोकरीभर त्यांनी कालव्यांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर वाहत्या ठेवल्या आणि निवृत्त झाल्यावर शहराच्या टोकाला हुडकेश्वरच्या आपल्या घरात, सोफा आणि देवघर यांच्या मधल्या जागेत, समुद्र आणून ठेवला. स्वतः त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. शोभाताईंनीही नव्हता. फरक एवढाच, की शोभाताईंना तो लग्न झाल्यापासून पाहायचा होता आणि यांना तो घरी करायचा होता.

या सगळ्याचं मूळ एका दाढेत आहे. साडू शहरातल्या सदर भागात दाताच्या डॉक्टरकडे दाढ काढायला म्हणून गेले, तर तिथे काचेच्या मोठ्या टाकीत संत्र्याच्या रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे पोवळ्यांच्या झुडपांतून हिंडत होते. आपला नंबर त्यांनी मागच्या तिघांना देऊन टाकला, तासभर टाकीपुढे उभे राहिले आणि दाढ तशीच तोंडात घेऊन घरी आले. शोभाताई बिचाऱ्या खूश झाल्या. त्यांना वाटलं, स्वारीला समुद्राची गोडी लागली, आता तिकिटं निघतील. तिकिटं निघाली नाहीत. टाकी आली, पंप आले, निळे दिवे आले, पाण्यात कालवायचं खास मीठ आलं, पोवळी आली आणि शेवटी तसलेच दोन मासे आले. उन्हाळ्यात तर कहर झाला. समुद्राच्या पाण्याला गारवा लागतो म्हणून घरातल्या एकुलत्या एक कूलरचं तोंड टाकीकडे वळलं. ऐन मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, भाजून निघालेला मी त्यांच्याकडे गेलो आणि कूलरसमोर जरा टेकलो, तर म्हणाले, "थोडं सरका गा साडूभाऊ, हवा अडून राहिली. त्यायले आपल्या उन्हाची सवय नाही. तुम्ही तं इथलेच ना?" पाहुण्याचा इतका सरळ अपमान करायलाही एक प्रकारची निष्ठा लागते.

टाकीत सगळं आलं, पण तळाला वाळू नव्हती. फरशी बसायच्या आधीच राहायला आलेल्या भाडेकरूंसारखे ते मासे नुसत्या काचेवर दिवस काढत होते. सदरच्या मासेवाल्या दुकानदाराने बजावून सांगितलं होतं, की पोवळ्यांच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू पाकिटात मिळते, तीच घ्या. नदीची वाळू नको, तिच्यात काय काय असतं ते सांगता येत नाही. यांना तो सल्ला जिव्हारी लागला. "वाळू? अन् पाकिटात?" ते माझ्यावरच उखडले. "अर्धं नागपूर कन्हान नदीच्या वाळूवर उभं आहे, अन् दोन मासे नाही उभे राहणार?" त्याच दुकानदाराकडून त्यांनी दोन चाचण्या मात्र फुकटात शिकून घेतल्या. वाळूवर व्हिनेगर टाकायचं. फसफसली तर ती शिंपल्याची, चुन्याच्या जातीची, म्हणजे चांगली. आणि चुंबक फिरवायचं. चिकटली तर तिच्यात लोखंड आहे, म्हणजे पोवळ्यांना घातक. एवढ्या विद्येवर आमचे साडू वाळूचे महर्षी झाले. शर्टाच्या खिशात व्हिनेगरची बाटली आणि जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक घेतल्याशिवाय त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. शेजारी उभे राहिले की चायनीजच्या गाडीजवळ उभं असल्यासारखा वास यायचा.

हुडकेश्वरमध्ये दर दुसऱ्या प्लॉटवर घर चढत असतं आणि दर घरापुढे वाळूचा ढीग असतो. सकाळी फिरायला निघालेली माणसं प्राणायाम करत, हे ढिगापुढे उकिडवे बसून थेंब सोडत आणि कान लावून ऐकत. माझ्या घराच्या कंपाउंडचं काम चाललं होतं तेव्हा असेच न सांगता आले आणि माझ्या वाळूवर बसले. मिस्त्री थोडा वेळ पाहत राहिला आणि मग त्याने विचारलं, "काका, मंचुरियन बनवून राहिले काय?" यांनी मान वर न करता निकाल दिला, "ही वाळू नापास आहे." झालं. मिस्त्रीने थापी खाली ठेवली आणि तो धावत माझ्याकडे आला. "साहेब, ते कोन्या खात्याचे साहेब होय? वाळू नापास म्हणून राहिले. मी आता हात नाही लावत." हे साहेब नसून साडू आहेत हे पटवण्यात माझी दुपार गेली, आणि भिंत अजून जरा कलली आहे, ती त्या दिवसाच्या अर्ध्या थरापासूनच, असं माझं मत आहे.

कुही गावी माझ्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. मांडव भरलेला, पाहुणे बसलेले, मुलाचे वडील नवीन धोतर सावरत मधोमध, आणि आमचे साडू गायब. गावामागे नदी आहे हे कोणीतरी त्यांना सांगायची चूक केली होती. साडी-नारळाची वेळ आली तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, रुमालात ओली वाळू बांधून स्वारी मांडवात शिरली. समोर दिसलेली कुंकवाची ताटली त्यांनी पुढे ओढली, तीत वाळू पसरली, थेंब सोडले आणि कान खाली नेला. मुलाच्या वडिलांनी घाबरत विचारलं, "काय पाह्यता जी?" हे सुस्कारा टाकून म्हणाले, "दिसाले चांगली आहे, पण घरात घ्यायच्या कामाची नाही." मुलाकडच्यांचे चेहरे पडले, माझ्या वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ही वाळूबद्दल बोलणी चालली आहेत हे मला उभं राहून सांगावं लागलं. लग्न झालं, सुखाचं झालं, पण व्याही अजूनही आधी दारात हे आलेत का ते पाहतात.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येत होतं. मागच्या दिवाळीला मात्र हद्द झाली. त्या वर्षी शोभाताईंनी अखेर नवऱ्याकडून जगन्नाथपुरी कबूल करून घेतली होती. दिवाळीनंतरची तिकिटं हातात होती. कॉलनीतल्या सगळ्या बाया पुरीला जाऊन आल्या होत्या, येताना शंख घेऊन आल्या होत्या, आणि तो शंख कानाला लावून शोभाताईंनी किती वर्षं समुद्र ऐकला होता. त्यांनी प्रवासासाठी चिवडा जास्तीचा केला, नवीन बॅग आणली, आणि माझ्या बायकोला फोन करून विचारलं, "समुद्रात जातानी साडी नेसाव का सलवार घालाव वं? लाट साडी वढून नेते म्हणतेत." साठीकडे आलेल्या बाईच्या आवाजातला तो उत्साह ऐकून आम्ही दोघंही हसलो.

आणि दिवाळीच्या सकाळी आमचे साडू शेजारणीच्या अंगणात, तिने काढलेल्या रांगोळीच्या मोरासमोर गुडघे टेकून बसले. शेजारीण फराळाचं ताट घेऊन दार उघडते, तर मोराच्या पिसाऱ्यावर एक सुशिक्षित गृहस्थ व्हिनेगर शिंपडतो आहे! मोर फसफसला. "फसफसली! शोभे, फसफसली वं!" असं ओरडत हे घरी धावले. पांढरी रांगोळी चुन्याच्या जातीच्या दगडाची असते, चुंबक तिला चिकटत नाही. म्हणजे दोन्ही परीक्षांत पास. शोभाताई म्हणाल्या, "अहो, पण थे रांगोळी आहे. पिठासारखी बारीक." पण वाळूचा दाणा किती जाड असावा याची चाचणी दुकानदाराने फुकटात सांगितली नव्हती, आणि अकलेची तर कोणीच सांगितली नव्हती. पुरीला निघायच्या आधी माशांचं घर लावून जावं म्हणून यांनी पोतंभर रांगोळी आणली आणि टाकीत ओतली. समुद्राचं क्षणात ताक झालं. मासे दिसेनात. हात घालून, चाचपडून त्यांना बाहेर काढलं आणि कपडे भिजवायच्या टबात ठेवलं, तेव्हा ते कल्ले उघडून धापा टाकत होते.

"मासे मरून राहिले, अन् मी पुरीले जाऊ?" एवढं बोलून त्यांनी तिकिटं रद्द केली. मी तिथेच होतो. शोभाताई भांडल्या नाहीत. त्यांनी बॅग उघडली, साड्या कपाटात परत ठेवल्या, प्रवासाचा चिवडा रोजच्या डब्यात ओतला आणि टबाकडे पाहून म्हणाल्या, "तुमच्या माशायले दोनदा समुद्र भेटला. एकदा देवानं देल्ला, एकदा तुम्ही. मले एकदाही नाही." त्या दिवशी मला माझ्या साडूचा खरोखर राग आला. एरवीच्या थट्टेत माया असते, तेव्हा ती नव्हती. घरी येताना मी बायकोला म्हणालो, या माणसाला टाकीत ठेवावं आणि माशांना पेन्शन द्यावी.

मासे जगले. लोकांना वाईट वाटेल अशी कामं आमच्या साडूंकडून पूर्ण होत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. टाकी रिकामी करून, घासून, ते निमूटपणे सदरला गेले आणि दुकानदारासमोर मान खाली घालून पाकिटातली वाळू घेऊन आले. पाणी आरशासारखं झालं, पोवळी उमलली, लोक पाहायला येऊ लागले. फक्त शोभाताई पाहत नव्हत्या. भाजी निवडायला त्या पूर्वी टाकीसमोर बसत. आता टाकीकडे पाठ करून बसू लागल्या. पाण्याच्या खारेपणात केसाएवढा फरक पडला तरी या गृहस्थांना झोप लागत नाही, पण ही पाठ त्यांच्या लक्षात यायला संक्रांत उजाडली. मग एका संध्याकाळी माझ्याकडे आले. चहा गार होऊ दिला. शेवटी कपाकडे पाहत म्हणाले, "तिनं भांडाले पाह्यजे होतं गा. भांडतच नाही. पुरीले घेऊन जाव म्हणतो. पण मासे कोन पाहीन?"

इतके दिवस ज्या टाकीची मी टवाळी केली, तिच्याबद्दल माझ्याच तोंडून निघून गेलं, "मी पाहतो."

त्याची शिक्षा म्हणून सध्या मी हुडकेश्वरला मुक्कामाला आहे. निघताना त्यांनी मला, नातवाला पहिल्यांदा शेजारी ठेवून जाणाऱ्या आजीसारखं, पुन्हा पुन्हा बजावलं. "पाणी कमी झालं तं साधं पाणी टाकजा. मीठ नका टाकजा. पाणी उडते, मीठ नाही उडत." रिक्षात बसल्यावर परत उतरून आले. "अन् त्यायच्यासमोर थट्टा नका करजा." शोभाताई तोवर रिक्षात हातात पिशवी धरून सरळ बसल्या होत्या, गाडी सुटेपर्यंत आपण खरंच निघालो यावर त्यांचा विश्वास नसावा. मी काल दिवसभर या माशांसमोर बसून होतो. पांढऱ्या वाळूवर त्यांच्या सावल्या हलतात आणि माणसाचा वेळ कुठे जातो ते कळत नाही. हे मी साडूंना सांगणार नाही. त्यांना सांगितलं तर ते माझ्याही घरी एक समुद्र बसवतील.

आज सकाळी त्यांचा पुरीहून फोन आला. मी सवयीने म्हणालो, "मासे ठीक आहेत." तिकडून नुसता घोंघावणारा आवाज येत राहिला. मला वाटलं, फोन बिघडला.

"आवाज ऐका गा," ते हळूच म्हणाले. "याले बंदच नाही."

"अन् वाळू कशी आहे तिथली?" मी मुद्दाम डिवचलं.

"वाळू नाही पाह्यली."

मी विचारलं, "ताई कुठं आहेत?"

"पाण्यात आहे. मघापासून निघूनच नाही राहिली. लाट आली का हासते, पुन्हा उभी राहते."

"अन् तुम्ही?"

पलीकडे एक लाट फुटल्याचं ऐकू आलं.

"मी तिच्या चपला धरून उभा आहो," ते म्हणाले.