अग्निबाणाचे एकमेव वारसदार

माझ्या मावशीच्या यजमानांइतकं एका शब्दावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यातच काय, पृथ्वीच्या कक्षेतही सापडणार नाही. तो शब्द म्हणजे ‘अग्निबाण’. पोटातला जाळ खाली सोडत स्वतः वर जाणारं आणि उपग्रह अवकाशात पोचवणारं यंत्र. काकांच्या शाळकरी वयात रेडिओवर, वर्तमानपत्रांत, पाठ्यपुस्तकात त्याला अग्निबाणच म्हणत. पुढे जगानं गुपचूप ‘रॉकेट’ म्हणायला सुरुवात केली आणि काकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. तो अपमान त्यांना आजतागायत गिळता आलेला नाही.

एरवी काका तेरखेड्याचे निवृत्त गुरुजी, बोलणं अस्सल गावचं. पण हा शब्द आला की मान ताठ आणि आवाज थेट बातम्या देणाऱ्याचा. टीव्हीवर उड्डाण असलं की ते टीव्हीचा आवाज बंद करून उलटी मोजणी स्वतः करतात, मध्येच थांबून अग्निबाणाचे टप्पे समजावतात, आणि त्यांचं ‘शून्य’ येईतो यान ढगांपार गेलेलं असतं. धाकट्या लेकीला बघायला आलेल्या इंजिनियर मुलाला त्यांनी विचारलं, “उपग्रह वर कशानं जातो?” तो बिचारा म्हणाला, “रॉकेटनं.” काकांनी त्याच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. मावशी आतून कडाडली, “आवो, पोरीला नांदवायचंय, अवकाशात न्हाय सोडायचं!” लग्न झालं. जावई अजूनही सासुरवाडीला आला की दारात ‘अग्निबाण’ म्हणतो आणि मगच चपला काढतो. पण भीतीनं म्हणणारा जावई काही खरा नव्हे. आपल्यामागं हा शब्द कुणी आपणहून उच्चारील का, हीच काकांची काळजी.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर गावातल्या एका फटाके कारखानदारानं, त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यानं, गुरुजींना खूश करायला आपल्या बाणांच्या पुड्यांवर ठळक छापलं, ‘अग्निबाण’. काका असे पेटले की वातीची गरजच नव्हती. मला गाडी काढायला लावून ते त्याच्या हायवेवरच्या दुकानात थडकले.

“आरं, काडीला बांधलेल्या दारूला अग्निबाण म्हणतोस व्हय? ह्यो शेजाऱ्याच्या पत्र्यावर पडतो! अग्निबाण अवकाशात जातो!”

विद्यार्थी रडवेला झाला. “गुरुजी, तुमच्यासाठीच केलं की. नको असंल तर समदी लेबलं आत्ता फाडतो.” त्यानं पहिला पुडा उचललाही.

तेवढ्यात शेजारच्या गावाहून आलेली एक म्हातारी पिशवी पुढं करत म्हणाली, “बाबा, त्ये अग्निबाण दे. नातवंडं दुसरं काय नगंच म्हनतेत. आमच्या गल्लीत समदी लेकरं त्येच म्हनायलेत.”

काकांना शब्दाचा मान राखायचा तर लेबलं फाडायला हवी होती, आणि फाडली तर तो पुन्हा त्यांच्या एकट्यापाशी उरणार होता. त्यांनी विद्यार्थ्याच्या हातातला पुडा घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि तो स्वतः म्हातारीच्या पिशवीत ठेवला.

परतताना ते माझ्यामागं बसले होते. दिवेलागणीला गल्लीत शिरलो, तर एका अंगणातून बाण सुटला आणि कुणीतरी लेकरू ओरडलं, “गेला अग्निबाण!” काकांनी माझा खांदा दाबला. मी गाडी थांबवली.

“लई वर न्हाय गेला,” ते हळूच म्हणाले. मी गाडी चालू करायला लागलो.

“थांब रे जरा,” काका म्हणाले. “आनखी एक लावतेत का बघू.”