हौशीरामाचा समुद्र

पेठेच्या हौशीरामाला समुद्राचं लई वेड. जन्मात एकदा अलिबागला गेला, गुडघाभर पाण्यात उभा राहून फोटो काढला, आणि तेवढ्या भांडवलावर गावाला समुद्र शिकवायला लागला. डेअरीवर, न्हाव्याकडं, मयतीला गेला तरी खिशातून पेपरचं कात्रण काढायचा. "समुद्र तापतोय, राव. वादळं आता अवेळी येणार, मासा पळणार." खरं होतं ते. खोटं रचायलाही अक्कल लागते, ती त्याच्यापाशी कुठली?

धर्माजी मेंढरं राखायचा. शाळेचं तोंड न पाहिलेला, बोलायला महाग. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचा, कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढरं बसवायचा. लेंडीखत शेतकऱ्याला, त्या बदल्यात भात ह्याला. हौशीराम पेपर वाचतो म्हणून धर्माजी त्याला फार मानायचा. आमच्याकडं चष्मा दिसला की माणसं वाकतात, तसा हाही वाकला.

दोन हजार नऊची दिवाळी सरली. धर्माजीच्या मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या, सत्तरेक कोकरं होती. त्याचा फोन आला तेव्हा मी हौशीरामाशेजारीच बसलो होतो. त्यानं ऐटीत स्पीकर लावला.

"भाऊ, हितलं कोळी व्हड्या वर वढाया लागल्यात. म्हनत्यात, पानी लई कोमट झालंय, वादळ येनार. आमी सखल खाचरात हाय. मेंढरं टेकाडावर नेऊ का? पर शेतकऱ्याला अजून दोन दिसांचा शबूद दिलाय."

हौशीराम हसला. "अरं, कार्तिकात कुठं पाऊस असतो व्हय? पेपरात तर काय न्हाई. कोळ्यांचं काय ऐकतो? थांब तिथंच."

मीही फोनमध्ये तोंड घातलं. "भितोस काय, धर्माजी? थांब की."

तो थांबला. दुसऱ्या दिवशी वादळ आलं, खाचराचं तळं झालं. बासष्ट कोकरं गेली. त्याची बायको म्हाळसाबाई चिखलातून एकेक उचलून ऊब द्यायला छातीशी धरत होती. त्यातलं एकही वाचलं नाही.

हौशीरामाला लाज वाटली असेल म्हणता? छे. जानेवारीत शाळेत त्याचं भाषण ठेवलं, 'तापता समुद्र आणि आपण'. पठ्ठ्यानं धर्माजीलाच स्टेजवर बसवलं, शाल घातली, नारळ दिला. "बघा मुलांनो, तापलेल्या समुद्रानं ह्यांची कोकरं नेली." जत्रेत नंदीबैल दाखवावा तसा त्याला दाखवला.

मग दोन शब्द बोला म्हणून धर्माजीपुढं माईक धरला.

"समुद्र तापलाय ह्ये मला कोळ्यांनी येळेवर सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "मी ह्यांला इचारलं. ह्ये म्हनले, थांब."

एवढं बोलून तो बसला.

पहिली टाळी हौशीरामाचीच. आपल्याला मोठेपणा दिला, असंच त्या गाढवाला वाटलं असणार. मग सगळी शाळा वाजवायला लागली. धर्माजी माझ्याकडं बघत होता, आणि मीही टाळ्या वाजवत होतो.