हद्दीवरच्या सात लाल गाई

आमचा आजा शेतातल्या माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचा. तो आवाज अजून कानात आहे. रानडुकरं ज्वारीत शिरू नयेत म्हणून तो बडवायचा. पुढं मी किनवटकडच्या अभयारण्यात वनमजूर झालो आणि जन्मभर तीच डुकरं सांभाळली. आजा असता तर डबा माझ्याच डोक्यात घातला असता.

चौकीवर अशा गोष्टी पाचोळ्यासारख्या साठतात. मी कमी बोलतो, म्हणून लोक माझ्यापुढं जास्त बोलतात.

आमच्या गार्ड मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या. आणि हद्दीलगत राहणारा नारबा. त्याच्या सात लाल कंधारी गाई, त्यांच्यावरच घर चालतं. जंगलात चराई बंद झाली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "गवत कापून न्या. गुरं आत आणू नका."

नारबा म्हणाला, "सात तोंडं आन् एक इळा. मग गाई इकाव्याच लागत्याल."

*

गावात सभा झाली. मोठे साहेब आले होते. त्यांनी माइकवर विचारलं, "सांगा बरं, हे जंगल कोणाचं?"

नारबाची बायको सखूबाई मागून म्हणाली, "आमचं व्हतं तवर कुणी इचाराया आलं न्हाई, साहेब."

साहेबांनी माइक मॅडमच्या हातात दिला.

*

डुकरांनी नारबाचा हरभरा लोळवला. पंचनाम्याला आलेल्या बाबूनं विचारलं, "डुकरानंच केलं कशावरून? माणूस नसेल कशावरून?"

"माणूस खाऊन गेला असता, साहेब. लोळला कशाला असता?"

बाबूला ते पटलं. त्यानं लिहिलं, 'शेतात माणूस लोळलेला आढळला नाही.'

*

वाघ-बिबट्यांसाठी झाडाला कॅमेरे लावले होते. एका कॅमेऱ्यात बंदीच्या भागात चरणारी गाय सापडली. आता गावातल्या सगळ्याच गाई लाल. कोणाची म्हणून धरायची? मॅडम दोन दिवस फोटो घेऊन हिंडल्या. कोणी ओळखायला तयार होईना.

तिसऱ्या दिवशी नारबा आपल्या पायांनी चौकीवर आला. फोटो हातात घेतला आणि त्याचा चेहरा फुलला.

"ही आमची राणी. शिंगाचा बाक बघा की. मॅडम, याची एक कापी मला द्या, घरात लावतो."

मॅडमनी जबाब लिहिला. नारबानं वाचायच्या आधीच सही केली आणि विचारलं, "फोटो कवा मिळंल?"

तो फोटो अजून त्याच्या घरात आहे.

*

एकदा मॅडम म्हणाल्या, "गवत कापायला एवढं काय लागतं? आणा विळा."

दोन पेंढ्या झाल्या आणि तळहाताला फोड आला. त्या बांधावर बसल्या. "नारबा, एवढ्यात किती गाईंचं भागेल?"

"राणीची न्याहारी झाली, मॅडम. बाकीच्या सहा वाट बघून राहिल्यात."

त्याच आठवड्यात मॅडमनी नाल्याअलीकडचा पट्टा चराईला मोकळा ठेवावा म्हणून वर अर्ज धाडला.

*

अर्ज वरच अडकलेला असताना बिबट्यानं राणीची कालवड मारली. नाल्याकाठी पडली होती. सकाळी गावातल्या दोघा-तिघांनी नारबाच्या हातात फवारणीच्या औषधाची बाटली दिली. "हिच्यावर वत. त्यो परत खायाला येतोय. एकदाच मिटंल."

नारबानं बाटली बंडीच्या खिशात ठेवली आणि कालवडीजवळ बसला. मीही शेजारी बसलो. टॉवेलनं माशा हाकलत राहिलो. तोही हाकलत होता.

उन्हं चढल्यावर मॅडम आल्या. चिखलात मांडी घालून बसल्या आणि फॉर्म काढला. रंग, वय, जखमा, सगळं विचारून झालं. मग पेन थांबवून म्हणाल्या, "नाव काय हिचं?"

नारबानं कालवडीच्या कानावरची माशी हाकलली. मग म्हणाला, "सोनी."

फॉर्मवर नावाला जागा नव्हती. मॅडमनी कडेच्या समासात लिहिलं, 'सोनी'.

नारबानं खिशातली बाटली काढली, त्या कागदावर उभी ठेवली, आणि उठून गाईंकडं चालू लागला.